डाग उजव्या कानामागे

मी एक जुना खडा आहे, चुन्याचा, धुळीच्या कणाहूनही बारीक. मित्रांनो, साखरा गावच्या मंजुळाबाईच्या डाव्या कानात, अगदी आत, माझं घर आहे. ती जन्मायच्या आधीपासूनचा मी. डोकं कुठं कललं हे तिला कळवायचं, एवढंच माझं काम. एकसष्ट वर्षं केलं. कुणी शाबास म्हटलं नाही.

एका पहाटे तिनं कूस बदलली आणि मी सोबत्यांसह निसटून कानातल्याच शेजारच्या पाण्याच्या नळीत पडलो. तिच्या डोळ्यांपुढं सगळी खोली गरगर फिरली आणि मिनिटभरात थांबली. ते लवकर थांबणंच तिच्या मुळावर आलं.

"घटकेत पडते, घटकेत चांगली. सोंग करून राहिली माय," मुलगा बालाजी म्हणाला.

मग एकदा दोन वर्षांच्या रुद्रला, नातवाला, उचलायला ती वाकली आणि त्याच्यासकट कोसळली. लेकराच्या कपाळाला टेंगूळ आलं. सून शिला कडाडली, "आत्याबाई, हात लावू नका माझ्या लेकराला! तुमच्यात कायतरी शिरलंय."

अंगातलं उतरवणारा खेमा आला. त्यानं बिब्बा तापवला, तिचं डोकं डावीकडे दाबलं नि उजव्या कानामागे चरचरीत डाग दिला. डोकं वळताच मी घरंगळलो, तिचे डोळे थरथरले.

"बघा, हाललं आतलं!" खेमा म्हणाला.

पाच मंगळवार, पाच डाग. आणि रुद्रला रोज बजावणं: आजीजवळ जायचं न्हाई, भूत हाय. मी तर डाव्या कानात होतो, मित्रांनो. खड्याला ओरडता येत नाही, याची मला तेव्हा लाज वाटली.

शेवटी गावची आशा कार्यकर्ती सरिता तिला हिंगोलीला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनीही तिचं डोकं डावीकडे वळवून झटकन आडवं केलं आणि डोळे पाहिले. "आजी, कानातले खडे निसटलेत." मग डोकं हळूच उजवीकडे, मग उजव्या कुशीवर, मग उठवून बसवलं. मी घरंगळत माझ्या जागी पोचलो. सगळं मिळून पाच मिनिटं.

"एवढंच व्हतं, बाई?" मंजुळाबाईनं विचारलं. तिचा हात डागांवर गेला.

घरी येताच तिनं हात पसरले. "ये रं राजा, बरी झाले मी."

रुद्र आईच्या पदरात शिरून किंचाळला, "भूत!" बालाजी हसला.

मित्रांनो, कुणाला गरगरलं तर आधी डॉक्टरला दाखवा. मी पुन्हा निसटलो तरी मला परत बसवता येतं.

रुद्र आता तीन वर्षांचा आहे. मंजुळाबाई त्याच्यासाठी ताटलीत गुळाचा खडा ठेवते आणि मागं सरकून भिंतीला टेकते. ती दूर गेल्यावरच तो पुढं येतो.