नानायचा हात

रविवारी सकाळी साडेनऊ वाजता, फिलिपिन्समधल्या कापिसच्या किनाऱ्यावरच्या एका गावात, चर्चसमोर रोदेलची मान सरळ झाली. गेली दोन वर्षं ती डाव्या खांद्याकडे पिळलेली होती. वैदू बास्योने हनुवटीला नुसतं बोट लावलं. गर्दी ओक्साबोक्शी रडली. त्याच वेळी आरोग्यकेंद्रात नर्स अर्लिंडा याच आजारावर, लुबागवर, माहिती देत होती. श्रोते दोन, त्यांतली एक बिस्किटांसाठी आलेली.

“समुद्रातल्या बाईने मान धरली होती,” बास्यो म्हणाला. “पळाली! आता आरोग्यकेंद्रातल्या गोळ्या बंद. त्यांच्या वासाने ती परत येते.”

त्याने बोट काढताच मान पुन्हा वळली.

“बघा, श्रद्धा कमी पडली.”

घरी येऊन रोदेलने गोळ्या डुकराच्या कुंडात ओतल्या. मग दर रविवारसारखा वाकून आईचा हात आशीर्वादासाठी कपाळाला लावला. त्याची सात महिन्यांची गरोदर बहीण नेनिता मासे साफ करता करता थांबली. मान सरळ होती.

“मानोंग, हलू नकोस!” ती थोरल्या भावाला म्हणाली, मग आईकडे वळली. “नानाय, हात काढ. आता लाव.”

वळली. सरळ झाली.

“नानाय, तू कधीपासून वैदू झालीस गं?”

“देवाची थट्टा करतेस, कार्टे?”

“देवाची नाही, बास्योची.”

संध्याकाळी नेनिता दोघांना चर्चसमोर घेऊन गेली. नर्सलाही बोलावलं. गर्दीसमोर आईने हात लावला, मान सरळ. शेजारणीने लावला, तरी सरळ.

“माझी शक्ती पसरतेय!” बास्यो ओरडला. या वेळी लोक हसले.

“मेंदूचा एक भाग झिजतोय,” नर्स म्हणाली. “तो स्नायूंना चुकीचा हुकूम देतो. स्पर्शाने हुकूम क्षणभर थांबतो. हा उपाय नाही, आजाराचीच खूण आहे. शाप नाही, करणी नाही. आजार आईकडून मुलग्याला येतो. मुलींना सहसा होत नाही, पण त्यांच्याकडून त्यांच्या मुलग्यांना जाऊ शकतो.”

नानायने हात मागे घेतला. मान वळली.

“माझा भाऊही असाच गेला. म्हणजे माझ्यामुळे?”

“तुमचा दोष नाही, नानाय. पण नेनिताची तपासणी करा. आणि चमत्कार दिसला, तर दुसऱ्यांदा दुसऱ्याच्या बोटाने करून बघा. एवढंच मागणं आहे.”

रोदेलने आईचा हात ओढून पुन्हा कपाळाला लावला.

बास्यो सध्या शेजारच्या गावात आहे. तिथेही गर्दी आहे. रोदेलने गोळ्या पुन्हा सुरू केल्यात. नेनिताचं रक्त तपासणीसाठी मनिलाला गेलंय. पोटात मुलगा आहे. अहवाल अजून आलेला नाही.