सात नंबरच्या खोलीतली बाग

मी कॅमेरा बोलतोय. साधासुधा नव्हे, मला पुढेही भिंग आहे नि मागेही. खोलीच्या मध्यावर काठीवर उभं केलं की चारी भिंती, छत, जमीन, सगळं एका दमात टिपतो. म्हणून माझा मालक फोटो काढताना स्वतः दाराआड लपायचा आणि मोबाइलवरून बटण दाबायचा. मग कॉम्प्युटरवर एकेक खोली दुसरीला जोडायचा. लोक घरबसल्या बाण दाबत त्या जागेत हिंडायचे. याला म्हणतात व्हर्च्युअल टूर.

मालकाच्या आईला माझं भारी कौतुक. "याला पाठीलाही डोळे आहेत गं बाई!" म्हणत तिनं माझ्यासाठी मऊ कापडाची पिशवी शिवून दिली होती. ती राहायची दूरच्या शहरात, मालकाच्या ताईकडे.

एकदा आम्ही एका वृद्धाश्रमात गेलो. सात नंबरच्या खोलीत चार खाटा दाटीवाटीनं लावलेल्या. व्यवस्थापक बाईंनी त्यातल्या दोन बाहेर काढायला लावल्या आणि सगळ्या म्हाताऱ्यांना जेवणघरात नेऊन बसवलं. एक आजी दारात अडल्या.

"आमचे नाही का काढणार फोटो?"

"नंतर हं, आजी."

ते 'नंतर' काही आलं नाही.

मी होतं ते टिपलं. भिंतीला ओल, आणि खिडकीबाहेर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत. मालकानं कॉम्प्युटरवर ओल पुसली नि खिडकीत बाग बसवली. कुठल्याशा हॉटेलची, मीच कधीतरी टिपलेली.

"अहो, हे जरा अतीच होतंय," त्याची बायको म्हणाली.

"सगळेच करतात," तो म्हणाला.

वर्षभरानं ताईचा फोन आला. तिच्या नवऱ्याला अर्धांगवायू झाला होता.

"नऊ वर्षं आईचं केलं रे. आता दोघांना उचलणं माझ्यानं होत नाही. तुझ्याच शहरात एक आश्रम सापडलाय. मोबाइलवर सगळा फिरून बघितला. सात नंबरची खोली मागितलीय, खिडकीतून बाग दिसते. आणि खाली तुझं नाव! म्हटलं, आता दुसरीकडे बघायलाच नको."

मालकानं तोंड उघडलं. खरं सांगितलं असतं तर अब्रू गेली असती, आणि आईला स्वतःच्या घरी आणावं लागलं असतं. तोंड मिटलं.

"बरंय ताई," एवढंच म्हणाला.

आईला त्यानंच तिथं नेऊन सोडलं. महिन्याभरानं फोटोंच्या कामासाठी आम्ही परत गेलो. आई खाटेवर पाय मुडपून बसली होती.

"बाग कुठल्या अंगाला आहे रे? या बायकांना विचारलं की हसतात."

"काम चाललंय तिकडे, आई. होईल सुरू."

आईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. पुन्हा विचारलं नाही. मला वाटतं, तिला तेव्हाच कळलं.

इतक्यात व्यवस्थापक बाई आल्या. "सर, सात नंबरही परत काढून घ्या. खोली रिकामी करायला सांगते." तेव्हा मालकानं आपल्याच आईला चाकाच्या खुर्चीत बसवलं नि ढकलत जेवणघरात नेलं. मी पाठच्या डोळ्यानं बघत होतो.

पुढे चार महिन्यांत ती गेली. ताई फोनवर रडत होती. "नवऱ्याला सोडून मला येताच आलं नाही रे. पण शेवटी बागेसमोर होती, तेवढंच समाधान."

"हो ताई," मालक म्हणाला.

त्यानंतर त्यानं नवा कॅमेरा घेतला. मी कपाटात पडून आहे. भिंगांवर बुरशी चढलीय, बॅटरी फुगलीय. टूर मात्र अजून चालू आहे. रोज कुणाची तरी लेक, कुणाचा तरी मुलगा त्या खोलीत बोटानं फिरून जातो नि सुस्कारा सोडतो.

कधी तुमच्यावर ही वेळ आली, तर स्वतः उठून जा. दिवसभर तिथं बसा, तिथलं जेवा, चारदा पाणी मागून बघा. मी काढलेल्या फोटोंच्या भरवशावर कुणाला सोडून येऊ नका.