एका बाजूच्या फांद्या

पट्टकृमीचं नाव काढलं की लोक नाक मुरडतात. ताईचा भाऊ तपासण्यांच्या लॅबमध्ये होता, त्याचं मात्र उलटं. तो जेवतानाही त्याचं कौतुक सांगायचा. ना तोंड, ना पोट. टाचणीच्या डोक्याएवढं डोकं आतड्याला चिकटवायचं आणि मागे माणसाहून लांब फीत वाढवायची. फितीच्या एकेका खंडात नर-मादी दोघांचेही अवयव, म्हणजे स्थळं बघायची कटकट नाही. खंड पिकला की बाकी सगळं विरतं, उरतं ते अंड्यांनी गच्च गर्भाशय: मधे खोड, दोन्हीकडे फांद्या. "मेल्याचा संसार नाहीच, नुसता पोरवडा," असं म्हणून ताई पुढचा घास घ्यायची.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण, शिवणकाम करायची. लॅबमधला त्याचा पहिला पांढरा कोट तिनेच शिवला होता, दोनदा माप घेऊन.

एका दुपारी तिने त्याच्या हातात एक छोटी बाटली ठेवली आणि तोंड फिरवलं. आत शौचातून पडलेले दोन पांढरे खंड होते. दुसऱ्या कुणाला दाखवू नकोस, तूच बघ, म्हणाली. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

या कृमीच्या दोन जाती, आणि अंडी दोन्हींची सारखीच. ओळख पटते ती फांद्यांवरून. खंडात बारीक सुईने शाई भरायची आणि एका बाजूच्या फांद्या मोजायच्या. पंधराच्या वर भरल्या तर साधा. तेराच्या आत असल्या तर घातकी. त्याची अंडी हातावरून तोंडात गेली तर पिल्लं पार मेंदूत जाऊन बसतात. सगळं मिळून दहा मिनिटांचं काम. हजारदा केलेलं. पण त्या दिवशी या शहाण्याने शाईची बाटली उघडलीच नाही. एक खंड दोन काचांमध्ये दाबला, उजेडाकडे धरला, दाट दिसला, आणि 'पंधराहून जास्त' असं लिहून मोकळा झाला. दुसरा खंड सवयीने फॉर्मॅलिनमध्ये बुडवून कपाटात ठेवला. ताईने गोळी घेतली, विषय संपला.

दीड वर्षाने ताई मशीनवर बसल्या बसल्या कोसळली. झटका आला होता, सुई अंगठ्यातून आरपार गेली. स्कॅनमध्ये मेंदूत वाटाण्याएवढ्या गाठी दिसल्या. पूर्वी कधी कृमी झाला होता का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. तेव्हा ताईच अभिमानाने म्हणाली, झाला होता, पण साधा. माझ्या भावाने स्वतः तपासलाय.

तो तडक लॅबमध्ये गेला. कपाटातली बाटली काढली, खंडात शाई भरली. नऊ. पुन्हा मोजल्या. नऊच. आता दोनदा मोजून काय उपयोग होता? बाटली मोरीत ओतली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता, हेही त्याच्या मनात येऊन गेलं. त्याची त्याला लाज वाटली.

डॉक्टरीणबाईंना त्याने सगळं सांगितलं. अंडी कदाचित आधीच पोटात गेली असतील, त्या म्हणाल्या. पण तेव्हा कळलं असतं तर डोक्याचं स्कॅन तेव्हाच केलं असतं, झटक्याची वाट बघितली नसती. त्याने फक्त शेवटचं वाक्य ऐकलं.

ताईला मशीन बंद झालं होतं. ती खिडकीशी बसून हातानेच एका परकराला दुमड घालत होती, अंगठ्याला पट्टी. तो समोर बसला आणि काही न लपवता सांगून टाकलं. ती टाके घालत राहिली.

"किती वेळ लागतो रे मोजायला?" तिने विचारलं.

"दहा मिनिटं."

"मग कसली घाई होती त्या दिवशी?"

त्याने खरोखर आठवून पाहिलं. कुणी बोलावलं होतं? भूक लागली होती? कुठे जायचं होतं? काही म्हणता काही आठवेना.

"आठवत नाही, ताई."

आता तिने परकर खाली ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं.

"काहीतरी कारण तरी सांगायचंस," ती म्हणाली.