पाझरावरचं गवत

ब्राह्मी उपाध्ये मूळची निपाणीची. बेळगावातल्या एका कॉलेजात ती वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि कॅम्पात एक खोली घेऊन राहायची. दोन वर्षांपूर्वी सांब्र्यापलीकडच्या एका गावच्या तळ्याची वनस्पतियादी तिनं केली होती. भर पावसात, तीस पोरांना घेऊन, दोन दिवसांत एकशे बारा नावं. ग्रामपंचायतीला ती यादी हवी होती. यादीच्या शेवटी तिनं सही केली होती आणि वर लिहिलं होतं, ‘काठावर साधा लव्हाळा. जपण्यासारखं विशेष काही नाही.’

यंदा मे महिन्यात पंचायतीतून फोन आला. तळ्यातला गाळ काढायचा होता, वरच्या अंगाला गणपती विसर्जनाचा घाट बांधायचा होता. सोमवारी जेसीबी लागणार. तिच्या यादीची एक प्रत हवी, एवढंच. प्रत पाठवून चाललं असतं. पण शनिवार होता, सुट्टी होती, म्हणून ती स्वतःच गेली.

तळं आटून मधोमध उरलं होतं. चिखलाला भेगा पडल्या होत्या. वरच्या अंगाला, जिथं घाट होणार होता, तिथं मात्र पंधरा-वीस पावलांचा एक हिरवागार पट्टा होता. त्याच्या कडेला एक साठीची बाई हातानं खड्डा उकरत होती. मागं दोन म्हशी वाट बघत उभ्या.

"पाणी लागतं का हो इथं?" ब्राह्मीनं विचारलं.

"लागतंय की. हे गवात जिथं हाय तिथं हातभर खाली पाणी असतंयच." बाईनं ओंजळभर गढूळ पाणी बाहेर टाकलं. "पाझर हाय इथं. चैत-वैशाखात म्हशी ह्याच्यावरच जगत्यात."

तिचं नाव मालुबाई. ब्राह्मी खाली बसली आणि सहज म्हणाली, "एवढा लव्हाळा माजलाय म्हणजे ओल असणारच."

मालुबाई हसली. "लव्हाळा कुठला बाई ह्यो! लव्हाळा माझ्या सगळ्या रानात हाय, खुरपून खुरपून हात गेलं माझं. त्येच्या मुळाला गाठ असती, वास येतो. ह्येला गाठच न्हाय." आणि तिनं एक ठोंब मुळासकट उपटून ब्राह्मीच्या हातात दिला.

ब्राह्मीनं चिखल धुतला. बारीक तंतूंचा झुबका. गाठ खरंच नव्हती. काडी बोटांत फिरवली, कडा बोटाला लागल्या. वर तपकिरी कणसं होती, त्यांची खवलं लव्हाळ्यासारखी दोन ओळींत नव्हती, काडीभोवती फिरत गेलेली होती. तिची कानशिलं तापली. पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळावं इतकं हे उघड होतं. त्या पावसात फुलोरा नव्हता, नुसती पाती बघून तिनं नाव लिहून टाकलं होतं. मूळ उपटायचेही कष्ट घेतले नव्हते.

"चुकलं माझं, आक्का," ती म्हणाली. "मी यादीत हे लव्हाळा म्हणून लिहिलंय. त्यावरच घाटाची जागा ठरली."

"मग सांगा जाऊन. त्यात काय?" मालुबाई म्हणाली आणि म्हशीला खड्ड्याकडं ओढू लागली.

पण सांगणं सोपं नव्हतं. हे लव्हाळ्याच्याच कुळातल्या फिम्ब्रिस्टायलिस प्रजातीतलं आहे इतकं तिला कळत होतं. नेमकं कुठलं, ते पिकलेल्या बियांवरची नक्षी बघितल्याशिवाय ठरणार नव्हतं. आणि बिया अजून कोवळ्या होत्या. अजून तीन आठवडे तरी हवे होते.

पंचायतीचे अध्यक्ष भरमू अण्णा कचेरीच्या दारातच भेटले. तिचं ऐकून त्यांचा चेहरा उतरला.

"मॅडम, सही तुमची हाय. आता तुम्हीच म्हणताय चुकली. तीन आठवडं थांबलो तर पाऊस येतोय, तळं भरतंय, आणि काम गेलं वर्षावर. गावाला काय सांगू, गवतासाठी थांबलोय म्हणून?"

"काम थांबवू नका अण्णा. गाळ काढा. फक्त घाट त्या पट्ट्यावर नको. पाझर बुजला तर गवतही जाईल आणि उन्हाळ्यातलं पाणीही. मालुआक्कांना विचारा."

"त्या म्हशीवाल्या मालुबाईला?" अण्णा हळू बोलले, "दुष्काळात आमची आय बी तिथनंच पाणी आणायची. खरं हाय ते." थोडा वेळ त्यांनी दाढी खाजवली. "असं करा, लिहून द्या. तुमची चूक तुमच्या हातानं. कन्नडमध्ये द्या, वर पाठवाय बरं पडतंय."

तिथंच बाकड्यावर बसून ब्राह्मीनं कन्नडमध्ये दीड पान लिहिलं. ‘माझ्या पाहणीत चूक झाली आहे’ हे वाक्य लिहिताना पेन अडखळलं, पण एकदा लिहून झाल्यावर बाकीचं सरळ उतरलं.

सोमवारी जेसीबी आला. पट्ट्याभोवती दोरी बांधली होती; घाटाची आखणी खालच्या अंगाला सरकली होती. गावात चार लोक कुरकुरलेच, एकानं तर ‘गवत मॅडम’ असं नाव पाडलं. मृगाचा पाऊस लागण्याआधी चार दिवस बिया पिकल्या. कॉलेजातल्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यावर आडव्या बारीक पट्ट्या दिसल्या. तिनं नमुना पुण्याच्या एका जाणकारांकडं पाठवला. त्यांचं उत्तर आलं: जात नवी नाही, पण या भागातून कित्येक वर्षांत कुणी तिचा नमुना आणलेला नाही, बारमाही पाझर असेल तिथंच तगते, जागा सांभाळा.

ते पत्र घेऊन ती मालुबाईच्या घरी गेली. मालुबाईनं चहा ठेवला, पत्र वाचून घेतलं आणि लांबलचक लॅटिन नाव दोनदा म्हणून बघितलं. तिसऱ्यांदा नाद सोडला.

"जागा एवढीच हाय म्हणत्यात व्हय?"

"एवढीच कळलीय."

"माझ्या माहेरी, खानापुराकडं, देवीच्या मागं असाच पाझर हाय. तिथं बी हाय की हे. ल्हानपणी आम्ही त्येच्या काड्यांच्या येण्या घालत हुतो."

ब्राह्मीनं कप खाली ठेवला. "कधी जायचं, आक्का?"

"म्हशी जावेकडं बांधून येते," मालुबाई उठत म्हणाली. "साडेदहाची बस हाय. आणि ह्या टायमाला आधी मूळ उपटून बघा, काय?"