चार फूट नऊ इंच

शोरूममध्ये नवी गाडी उभी होती आणि तिच्याभोवती पंधरा-वीस माणसं तावातावानं बोलत होती. कंपनीनं आपल्या छोट्या गाडीचं रूप बदललं त्याला तीन आठवडे झाले होते, पण कोल्हापूरकरांनी ते मनाला लावून घेतलं होतं. कितीतरी घरांत पहिली गाडी म्हणून जुन्या रूपातली हीच आली होती. आता पुढचे दिवे मोठे, तिरके झाले होते आणि गाडीची पाठ फुगली होती. एक निवृत्त मास्तर सांगत होते, ही दारात लावली तर मालकाकडंच डोळे वटारून बघते. गुंडू नावाच्या गुळाच्या दलालानं बुकिंग रद्द केलं होतं, तरी भांडायला रोज येत होता. लोकांचं ऐकून घ्यायला कंपनीनं पुण्याहून एक अधिकारी धाडला होता. टाय लावलेला तो तरुण हसतमुखानं फॉर्म भरून घेत होता.

विद्याश्री तोडकर पाऊण तास थांबली होती. तिला दिव्यांशी काही देणंघेणं नव्हतं.

राजारामपुरीत ती बायकांना गाडी शिकवायची. चौदा वर्षं, याच गाडीच्या जुन्या मॉडेलवर. दवाखान्यातल्या नर्सबाई, शाळेतल्या शिक्षिका, दुकान सांभाळणाऱ्या जावा-जावा, सगळ्या तिच्याकडं शिकल्या होत्या. नवरा मृत्युंजय बँकेत कारकून. त्याला स्वतःला गाडी येत नव्हती आणि त्याचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं. आज तो रजा टाकून सोबत आला होता, कारण दोन दिवस बायको घरात कुणाशी बोलली नव्हती.

झालं होतं ते मुरगूडच्या अक्काताईंच्या बाबतीत. वय छप्पन्न. नवऱ्याला अर्धांगवायू झालेला, त्याला व्यायामासाठी आठवड्यातून दोनदा कोल्हापूरच्या दवाखान्यात आणावं लागे. भाड्याचा जीपवाला येईल तेव्हा येई. शेवटी त्या म्हणाल्या, मीच शिकते. तीन महिने एस.टी.नं येऊन त्या विद्याश्रीच्या गाडीवर शिकल्या आणि पहिल्याच खेपेला लायसन मिळवलं. पुण्याला राहणाऱ्या त्यांच्या मुलानं गाडी घेऊन दिली ती ही नवी. जुनी आता बाजारात मिळतच नव्हती.

परवा दवाखान्याच्या फाटकात त्यांची गाडी खांबावर आपटली. दिवा फुटला. लागलं कुणालाच नाही, पण गोळा झालेल्या माणसांनी त्या बाईला नवऱ्यादेखत वाटेल ते सुनावलं. दिसत नाही तर चूल सोडून बाहेर कशाला पडता, असं एकानं विचारलं. दुसऱ्यानं किल्लीच काढून घेतली. विद्याश्री पोहोचली तेव्हा अक्काताई दवाखान्याच्या पायरीवर बसल्या होत्या.

"बाई, मला गाडीचं टोकच दिसंना," त्या एवढंच म्हणाल्या. "तुमच्या गाडीत दिसतंय की."

विद्याश्रीनं त्या सीटवर बसून बघितलं. तिची उंची पाच फूट दोन, आणि तिलाही बॉनेट दिसलं नाही. काळा डॅशबोर्ड हनुवटीपर्यंत चढलेला आणि त्यापुढं गाडी उतरती होऊन गडप झालेली. अक्काताई तर चार फूट नऊ इंच. विद्याश्रीच्या अंगाचा तेव्हापासून तिळपापड होत होता.

शोरूममध्ये तिचा नंबर आला तेव्हा अधिकाऱ्यानं फॉर्म मृत्युंजयपुढं सरकवला आणि साहेबांना काय आवडलं नाही ते विचारलं. मृत्युंजय शांतपणे म्हणाला, "मला गाडी येत न्हाय. हिला विचारा."

विद्याश्रीनं सगळं सांगितलं. अधिकाऱ्यानं मान डोलावत ऐकलं.

"मॅडम, खाली एक उशी घ्यायची. प्रश्न मिटला."

"उशी घेतली की पाय क्लचला पुरत न्हाय. ब्रेक दाबला की उशी सरकती. तुम्ही कधी बसून बघितलंय?"

गाडी सरासरी उंचीच्या माणसासाठी बनवलेली असते, असं तो समजावू लागला.

"कुणाची सरासरी?" विद्याश्रीनं विचारलं आणि गाडीचं दार उघडलं. "बसा आत."

एवढे लोक बघत होते म्हणून तो बसला. विद्याश्रीनं पर्समधून शिवणाची टेप काढली. सीटपासून अक्काताईंच्या डोळ्यापर्यंतचं माप तिनं कालच मुरगूडला जाऊन घेतलं होतं, पंचवीस इंच. टेप सीटवर टेकवून ती त्याला खाली सरकायला सांगत राहिली. त्याचे गुडघे स्टिअरिंगला अडले, टाय छातीवर गोळा झाला. डोळे मापाला आल्यावर ती म्हणाली, "आता सांगा, काय दिसतंय?"

तो काहीतरी पुटपुटला.

"मोठ्यानं सांगा साहेब. सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

"समोरच्या इमारतीची गच्ची," तो म्हणाला.

"खांब गच्चीवर नसतोय. चार माणसांत त्या बाईला आंधळी ठरवलं, हातातली किल्ली काढून घेतली. आंधळी ती न्हाय. ही गाडी बनवणाऱ्यांनी तिला कधी बघितलंच न्हाय."

मास्तर खाली बघत होते. मग गुंडू पुढं सरकला. "त्ये ऱ्हाऊ द्या पावणं, दिव्याचं काय करताय ते बोला," तो म्हणाला, आणि सगळे पुन्हा दिव्यांवर आले.

अधिकाऱ्यानं बाहेर येऊन टाय सारखा केला आणि फॉर्मवर लिहिलं, 'महिला ग्राहक, बसण्याची सोय'. विद्याश्रीनं त्याच्या हातातलं पेन घेतलं, ते खोडलं आणि खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'चालकाला पुढचं दिसत नाही'. सही केली आणि ती बाहेर पडली.

दिवाळीला पेपरात पानभर जाहिरात आली. तुम्ही सांगितलंत, आम्ही ऐकलं. दिवे सरळ झाले होते आणि पुढं एक चकचकीत पट्टी आली होती. गुंडूनं पुन्हा बुकिंग केल्याचं कळलं. विद्याश्री शोरूममध्ये जाऊन सीट बघून आली. सीट होती तिथंच होती.

तोवर पाच महिने अक्काताईंची गाडी ताडपत्रीखाली होती आणि त्या जीपवाल्याची वाट बघत होत्या. विद्याश्रीनं अक्काताईंना घेऊन मुरगूडहून गाडी आणली ती थेट शिरोली एमआयडीसीत, बाबालालच्या वर्कशॉपवर. तो ट्रकच्या सीटा बसवायचा. कंपनीची ग्यारंटी जाईल, असं त्यानं दोनदा बजावलं. विद्याश्री म्हणाली, "जाऊ दे. तशी ती ह्यांच्यासाठी नव्हतीच." त्यानं अक्काताईंना पाच वेळा बसवलं, पाच वेळा उतरवलं, खडूनं खुणा केल्या आणि लोखंडी ठोकळे घालून सीट वर आणि पुढं घेतली. संध्याकाळी अक्काताई शेवटचं एकदा बसल्या आणि काचेतून बघत राहिल्या. "दिसतंय," त्या हळूच म्हणाल्या.

पुढच्या सोमवारी दवाखान्याहून परतताना विद्याश्री शेजारी बसून कागलपर्यंत आली आणि तिथं उतरली. मागच्या सीटवर अक्काताईंचे मालक उशीला टेकून बसले होते. अक्काताईंनी आरसा बघितला, इंडिकेटर दिला आणि गाडी रस्त्याला घेतली. मागून एक ट्रकवाला हॉर्नवर हॉर्न मारत आला. त्यांची गाडी बिचकली नाही, कडेला गेली नाही, आपल्या रांगेतून आपल्या वेगानं चालत राहिली. विद्याश्रीनं हात हलवला. अक्काताईंनी उलट हात केला नाही. त्यांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.