सरांच्या नावावर

माने सर गेले त्याला दोन वर्षं झाली आणि मग त्यांचा पहिला शोधनिबंध छापून आला. गेलेल्या माणसानं निबंध लिहिला कसा, अशी एका ओळीची तक्रार कुणीतरी विद्यापीठाला मेलवर पाठवली. खाली नाव नव्हतं. साताऱ्याच्या त्या विद्यापीठात संशोधनातले गैरप्रकार तपासणारा कक्ष म्हणजे दोन माणसं आणि एक प्रिंटर. कक्षाच्या प्रमुख दीपमाला मॅडम आणि त्यांच्या हाताखाली नुकतीच लागलेली संयोगिता. मेल संयोगितानंच उघडली.

निबंधावर दोन नावं होती. पहिलं नाथाजी माने, दुसरं सिद्धू गोरड. विषय होता मेंढरांच्या लेंड्यांवर जगणारे शेणकिडे.

दोन्ही नावं तिच्या ओळखीची होती. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी दर शनिवारी ती आणि सिद्धू सकाळच्या एसटीनं वडूजला उतरायचे. तिथून माने सर त्यांना आपल्या जुन्या जीपमधून माणच्या बाजूच्या माळावर न्यायचे. सर वडूजचेच. वर्गात ते छापील बोलत, पण माळावर पाऊल पडलं की 'लय' आणि 'न्हाई' सुरू व्हायचं. जीपमध्ये मागच्या बाजूला सरांच्या पत्नी मंगलकाकूंनी दिलेली हुलग्याच्या गरम, पातळ माडग्याची किटली असायची आणि खड्डा आला की किटली सांभाळायची जबाबदारी संयोगितावर. ती कराडकडच्या उसाच्या घरातली. माळावरची कुसळं तिच्या सलवारीत रुतायची, ती काढत ती मागं राहायची. सिद्धू तिला 'बागायतदार' म्हणायचा. ती त्याला 'लेंडीसाहेब' म्हणायची. सर दोघांनाही काही म्हणत नसत. ते गुडघ्यांवर बसून भिंगातून किडे बघत असत.

तिनं तक्रार नोंदवली आणि नियमाप्रमाणे सिद्धूकडून खुलासा मागवला. सिद्धू आता याच विद्यापीठाच्या, सांगलीतल्या एका कॉलेजात शिकवत होता. नोकरीत कायम झाल्याचं पत्र त्याला त्याच महिन्यात मिळायचं होतं. खुलासा लगेच आला. संशोधनाच्या रचनेची मूळ कल्पना कै. माने सरांची, आपण ती फक्त अमलात आणली, एवढंच त्यात होतं.

दीपमाला मॅडमना हायसं वाटलं. याबाबतचा नियम तसा उदार आहे. माणूस हयात नसला तरी त्याचं काम खरं असेल, तर त्याचं नाव लेखकांत राहू शकतं. घरच्यांची संमती घ्यायची आणि 'लेखक दिवंगत' अशी तळटीप टाकायची. मॅडम म्हणाल्या, तळटीप सुचव आणि फाइल बंद करून टाक.

संयोगितानं शेरा लिहायला घेतला, पण पुढं लिहवेना. ती कल्पना सरांची नव्हती.

ती दुपार तिला स्वच्छ आठवत होती. काम तोवर पुरतं फसलं होतं. पुस्तकात सांगितल्याप्रमाणे ते जमिनीत डबे पुरायचे आणि वर ताजं शेण ठेवायचे. माळावरच्या उन्हात शेणाची दुपारपर्यंत गोवरी व्हायची आणि डब्यात चार मुंग्या मिळायच्या. त्या दिवशी ती बाभळीखाली टोपी तोंडावर घेऊन आडवी झाली होती. शेजारी सर आणि सिद्धू बोलत होते. सिद्धूचा चुलता बिराप्पा माडग्याळी मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचा. रानाला खत मिळावं म्हणून शेतकरी कळप आपल्या रानात बसवून घेतात. दोन रात्री इथं, दोन रात्री पुढच्या गावी. सिद्धू आधी चाचरत आणि मग भडाभडा सांगत होता, की सर, आपण डबे पुरायचं सोडू आणि चुलत्याच्या वाटेनं उलटं जाऊ. काल कळप बसला ते रान, चार दिवसांपूर्वी बसला ते, पंधरा दिवसांपूर्वीचं. प्रत्येक रानाला तारीख आहे. शेण आपण कशाला ठेवायचं, मेंढरांनी ठेवलेलंच आहे.

त्याचं सांगून होईपर्यंत सरांनी त्याला मधे तोडलं नाही. मग त्यांचा आवाज आला होता, “गड्या, हे माजं न्हाई आनि पुस्तकातलं बी न्हाई. उद्या कुणी इचारलं तर सांगायचं, डोकॅलिटी सिद्धूची.”

त्यानंतरचे महिने म्हणजे तिच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला काळ. कळपाच्या मागं मागं एकेका गावात जायचं, रानाच्या मालकाला विचारायचं, ढेकळं उलटायची. लेंड्या गोल करून ढकलत नेणारा पहिला किडा दिसला तेव्हा सरांनी जीपचा हॉर्न वाजवला होता. ऊस तुटून गेल्यावर तिच्या घरच्या रानातही मेंढरं बसायची. लहानपणी पहाटे त्यांच्या ओरडण्यानं तिला जाग यायची. मेंढरं कुठून येतात आणि कुठं जातात, हे मात्र तिला सिद्धूमुळं कळलं. निबंधातले आकडे त्यानं पुढं एकट्यानं, नव्यानं मोजलेले होते.

आजवर कक्षात आलेली प्रकरणं घेण्याची होती. दुसऱ्याचे परिच्छेद घेतले, दुसऱ्याचे आकडे घेतले, विद्यार्थ्याच्या कामावर साहेबांनी आपलं नाव लावून घेतलं. तपासणीचे सगळे प्रश्नही तेच धरून केलेले. इथं एका माणसानं आपली असलेली एकुलती एक गोष्ट दुसऱ्याच्या नावावर करून दिली होती आणि ती खरी ठरावी म्हणून विद्यापीठाला लेखी खोटं सांगितलं होतं.

तिनं मॅडमना सांगितलं, की त्या वेळी मी तिथं होते.

मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. तुझा या प्रकरणाशी संबंध आहे, म्हणजे छाननीतून तुला बाजूला व्हावं लागेल आणि साक्ष द्यावी लागेल, असं त्या म्हणाल्या. शिवाय खोटा खुलासा सिद्ध झाला, तर त्या मुलाचं कायम होणं अवघड आहे. सुनावणीपर्यंत खुलासा बदलता येतो. “त्याला सांगून साक्ष दे,” मॅडम म्हणाल्या. “पाठीमागनं नको.”

सांगलीत सिद्धू कॉलेजच्या फाटकाशीच उभा होता. त्यानं तिला चहा पाजला, घरी न्यायला म्हणून भडंगाची पिशवी घेऊन दिली, घरच्यांची चौकशी केली. ती कशाला आली हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तो बोलायचं थांबवत नव्हता. शेवटी तिनं मधेच सांगून टाकलं.

“तू तर झोपली होतीस,” तो म्हणाला.

“डोळे मिटले होते.”

“बागायतदारांना झोप लागत न्हाई व्हय गं उन्हात?” त्यानं हसायचा प्रयत्न केला. मग कप खाली ठेवून तो सावकाश बोलू लागला. सर गेल्यावर एकदा त्यानं इंटरनेटवर त्यांचं नाव घालून पाहिलं होतं. काहीच आलं नाही. तीस वर्षं पोरं घडवली, प्रत्येकाच्या निबंधातून स्वतःचं नाव खोडलं, म्हणायचे मी काय केलं, जीप चालवली. त्यांच्याबरोबरीचे लोक दुसऱ्यांच्या कामावर नावं लावून विभागप्रमुख झाले आणि सरांचं कुठं अक्षर नाही. “आमच्यात माणूस गेला की देवाला समई देतात, घंटा देतात, तिच्यावर नाव घालतात. माझ्याकडं दुसरं काय होतं? आणि चोरी केली असती तर गोष्ट वेगळी. मी दिलंय. माझंच होतं, दिलं. मंगलकाकूंनी निबंधाचं पहिलं पान काचेत बसवून घेतलंय, ते काढायला जाशील तू?”

 सरांचं नाव तसंच राहावं असं तिलाही वाटत होतं. ते नाव पडद्यावर बघून तिला किती बरं वाटलं होतं, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, की निबंधात एक गोष्ट तिला सापडली नाही.

“कुठली?”

“बिराप्पा. 'स्थानिक कळप' असं लिहिलंयस. आभारातसुद्धा त्याचं नाव नाही.”

सिद्धू टेबलावर सांडलेला चहा बोटानं पुसू लागला.

“चुलत्याचं नाव घातलं असतं, तर आडनावावरून कल्पना कुणाची ते कुणीही ओळखलं असतं. म्हणून काढलंस ना?”

 त्यानं चहावाल्याला बोलावून पैसे दिले. उठताना म्हणाला, “तुझी साक्ष तू दे. मी काय करायचं ते बघतो.” तिला स्टँडवर सोडायला मात्र आला.

सुनावणीला मॅडम आणि बाहेरून आलेले दोन प्राध्यापक होते. संयोगिता साक्षीदार म्हणून कडेला बसली होती. सिद्धूनं इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. मॅडमनी खुलासा वाचून दाखवला आणि विचारलं, की यात काही बदल करायचा आहे का, रचनेची कल्पना कुणाची होती.

तो पाणी प्यायला. ग्लास ठेवला, पुन्हा उचलला, तो रिकामा होता.

“माझी,” तो म्हणाला.

आवाज इतका बारीक होता, की एका प्राध्यापकांनी पुन्हा सांगायला लावलं. दुसऱ्यांदाही तो शब्द कुणाची माफी मागावी तसाच आला. मग त्यांनी कल्पना सुचली कशी हे विचारलं आणि सिद्धू सांगू लागला. चुलत्याचा कळप, बसलेली रानं, लहानपणी मेंढरांमागं चालताना ढेकळाखाली सापडणारे काळे किडे, ते काडेपेटीत घालून शाळेत नेल्यावर बसलेला मार. बोलता बोलता 'आहे'चं 'हाय' झालं, 'तेव्हा'चं 'तवा' झालं. कुणी अडवलं नाही. मॅडमनी लिहिणं थांबवलं होतं. संयोगिताला ती बाभूळ, जीपचं तापलेलं बॉनेट आणि माडग्याचा वास, सगळं त्या पंख्याखालच्या खोलीत आल्यासारखं वाटलं.

“मग सरांनी काय केलं?” मॅडमनी विचारलं. “त्यांचं योगदान काय लिहायचं?”

सिद्धूनं विचार केला. “त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्याआधी माझं कुणी ऐकलं नव्हतं.”

दोघे प्राध्यापक एकमेकांकडे बघू लागले. ऐकून घेणं हे लेखकत्वात बसत नाही, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. सिद्धूलाही. त्यानं स्वतःच सांगितलं, की ते आभारात जाईल, चुलत्याच्या नावाशेजारी.

निर्णय कडक नव्हता आणि सौम्यही नव्हता. नियतकालिकाला दुरुस्ती पाठवायची, लेखक एकच राहील. खोट्या खुलाशाबद्दल लेखी समज, आणि नोकरीत कायम होणं एक वर्ष पुढं. सिद्धूनं सही केली आणि एकच विनंती केली, की दुरुस्ती छापून यायच्या आधी मंगलकाकूंना त्याला स्वतः सांगू द्यावं. मॅडम म्हणाल्या, आजच जा.

साताऱ्याच्या स्टँडवर वडूजची गाडी लागलेली होती. तो चढला तशी संयोगिताही चढली. त्यानं का म्हणून विचारलं नाही, फक्त खिडकीकडे सरकला. कोरेगाव मागं पडलं. मग तो खालच्या आवाजात म्हणून बघू लागला, काकूंना सांगायचं वाक्य.

“काकू, चुकून सरांचं नाव...”

“चुकून नाही घातलंस,” ती म्हणाली.

“काकू, ते सरांचं म्हणजे तसं सरांचंच, पण...”

“पुन्हा म्हण.”

पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्यानं वळून पाहिलं. सिद्धूनं घसा खाकरला. पुसेगावचा थांबा आला, चार माणसं उतरली, गाडी पुन्हा निघाली.

“काकू, ती कल्पना माझी होती,” तो म्हणाला. “सरांनी तसं सांगायला सांगितलं होतं.”