ठकुवन्संचं पाळणाघर

देवाप्पांनी मातीची ती काडी उचलली, डोळ्यांसमोर आडवी धरली आणि विचारलं, "ही कुणी वळली?"

आमच्या ठकुवन्सं लगेच अभिमानानं फुगल्या. म्हणाल्या, कावेरीनं. चार वर्षांची आहे, आणि बघा तरी, या टोकापासून त्या टोकापर्यंत कुठे जाड नाही की कुठे बारीक नाही.

देवाप्पा हसले, काडी जपून खाली ठेवली आणि गेले. वन्संनी घरी येऊन ते मला तीनदा सांगितलं. उदबत्तीच्या कारखान्याचा मालक स्वतः पाळणाघरात आला, जमिनीवर उकिडवा बसला, पोरांचं काम हातात घेऊन पाहिलं. मी चुलीवर नाचणीचं पीठ घोटत हं हं करत होते. मनातच म्हटलं, कारखानदार फुकट उकिडवा बसत नसतो. वन्संच्या आनंदात कुणी खडा टाकला तर त्या आठवडाभर अबोला धरत.

ठकुवन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लवकर विधवा झाल्या, मूलबाळ नाही, म्हणून चिकपेठेतल्या आमच्या शिंप्याच्या घरी परत आल्या. सुई धरली की बोटात जायची, आणि स्वयंपाकाबद्दल न बोललेलंच बरं. सत्तावन्न सालच्या सुमारास कॉटनपेठेतल्या त्या कारखान्याला पाळणाघर उघडावं लागलं. कायदाच तसा होता. एवढ्या बायका कामाला असल्या की पोरांना खोली हवी, पाळणे हवेत, सांभाळायला बाई हवी. ती बाई वन्सं झाल्या. काम एवढंच, की पोरांनी रडून कारखाना डोक्यावर घेऊ नये.

आणि पोरं रडतच नसत. बायका घरूनच त्यांच्या जिभेला जराशी अफू लावून आणत. दिवसभर पोरं गुंगीत पडलेली. वन्सं दारात आडव्या उभ्या राहिल्या. झोपलेलं मूल आत घेणार नाही म्हणाल्या. जागं आणा, रडू दे, माझं मी बघते.

मग आमच्या दुकानातल्या चिंध्यांना पाय फुटले. रांगत्या पोरांसाठी त्यांनी माझ्याकडून एक गोधडी शिवून घेतली. त्यात एक तुकडा मखमलीचा, एक गोणपाटाचा, एक रेशमाचा, एक मांजरपाटाचा. पोराचा तळवा धरून एकेकावर फिरवायच्या आणि म्हणायच्या, मऊ, खरखरीत, गार. माझे यजमान हसून लोळले. सहा महिन्यांच्या पोराला मखमल कळते होय, अक्का? पण एक पोर रांगत गोणपाट ओलांडून जायचं आणि नेमका मखमलीवर गाल टेकून पडायचं, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. थोरल्या पोरांसाठी त्या चिकणमाती आणत. आधी गोळे, मग वळ्या, मग खराट्याच्या काडीवर माती गुंडाळायची. पोरं आयांना तेच करताना बघत, म्हणून तेच करायला मागत. वन्संनाही वाटे, बोटांना वळण लागतंय.

देवाप्पा येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी कावेरी पाळणाघरात आली नाही. वन्सं बघायला कामाच्या पडवीत गेल्या. बायका ओळीनं बसून फळीवर उदबत्तीचा काळा मसाला काड्यांवर वळत होत्या, आणि तिच्या आईच्या, तानूबाईच्या शेजारी, विटेवर टेकवलेल्या छोट्या फळीपुढे, कावेरी बसली होती. कोपरापर्यंत काळी.

तानूबाई बेळगावकडची. नवरा टाकून गेलेला, एकटीच्या जिवावर घर. वन्संना बघून ती कौतुकानं हसली. म्हणाली, "तुमीच की शिकिवलं तिला, अक्का. मालक म्हनले, पोरीचा हात बसलाय, तिच्या काड्या तुज्या हिशेबात धरू. तुमचं लई उपकार झालं बगा."

ते उपकार ऐकून वन्सं तशाच देवाप्पांकडे गेल्या. ते कानडीत शांतपणे म्हणाले, कामावर कुठे घेतलीय? आईजवळ बसलीय. आणि तासाभरात त्यांनी बांबूच्या काड्यांचा एक भारा पाळणाघरात धाडून दिला, बाकीच्या पोरांच्या सरावासाठी.

त्या रात्री वन्सं जेवल्या नाहीत. मी दोनदा ताट वाढलं. शेवटी म्हणाल्या, "कृष्णे, मी पोरं खेळवत नव्हते गं. त्याला हात तयार करून देत होते." आणि पदर तोंडाला लावून रडल्या. नवरा गेला तेव्हासुद्धा त्या अशा रडल्या नव्हत्या म्हणतात.

पण वन्सं रडून बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. सकाळी पाळणाघरातली सगळी माती गटारात ओतली, भारा परत धाडला, आणि नवा नेम केला. ज्याला बाजारात गिऱ्हाईक आहे ते या खोलीत करायचं नाही. मग काय काय सुरू झालं विचारू नका. भिंतीवर हाताच्या सावल्यांचे ससे. करवंट्या बडवणं. या तांब्यातलं पाणी त्या तांब्यात. कवडशाच्या मागे धावणं. फुंकर मारून कापूस उडवणं. दोन बायका तक्रार घेऊन आल्या, आमच्या पोरांनाही काडी शिकवा म्हणून. वन्संनी त्यांना नाही म्हणून सांगितलं, आणि नाही म्हणजे नाहीच.

मग देवाप्पा आले. खोलीभर कापूस उडत होता. त्यांनी विचारलं, याचा उपयोग काय?

"काही नाही," वन्सं म्हणाल्या.

"मग कशाला?"

"म्हणूनच. मला काढायचं तर काढा. मी आहे तोवर इथे विकण्याजोगं काही होणार नाही."

देवाप्पांनी त्यांना काढलं नाही. अफूशिवाय पोरं सांभाळणारी बाई शोधून मिळत नाही, आणि जागी, हसरी पोरं घरी न्यायची आता बायकांना सवय झाली होती. सरी, म्हणजे बरं, एवढं म्हणाले आणि गेले. पण कावेरी फळीवरच राहिली.

वन्सं रोज तानूबाईची मनधरणी करू लागल्या. रागावल्या नाहीत, हेच मला नवल. शेवटी तानूबाई एवढ्यावर आली, की दुपारी जेवणाच्या सुट्टीत पोरीला घेऊन जा, भोंगा झाला की परत.

वन्संना आकाश ठेंगणं झालं. पण पहिल्या दुपारी कावेरीला चिंधी दिली तर तिनं ती तळव्याखाली घेऊन सुरनळी केली. कापूस दिला, त्याचीही सुरनळी. भाताचं शीत, वन्संच्या पदराचा काठ, जे हाती येईल ते वळायची आणि ओळीत मांडायची. बोलायची नाही. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. वन्सं मला म्हणाल्या, खेळणं विसरलीय पोर. उद्या असं काहीतरी देते, जे वळताच येणार नाही.

त्या दिवशी चिंध्यांचं गाठोडं घेऊन मीच गेले होते. वन्संनी पितळी परात भरून पाणी ठेवलं होतं आणि कावेरीला पुढ्यात बसवलं होतं. पोरीनं हात पाण्यावर ठेवले आणि पुढे-मागे, पुढे-मागे वळू लागली. काळा रंग सुटून परातभर पसरला. मला बघवेना. वन्सं मात्र हलल्या नाहीत. तेवढ्यात एक रांगतं पोर आलं आणि त्यानं परातीत थापकन हात मारला. कावेरीचं सगळं तोंड भिजलं. ती त्याच्याकडे रागानं बघत राहिली. मग तिनंही एक थाप मारली. मग दुसरी. पोर खिदळलं, तीही खिदळली, आणि दोघांनी मिळून वन्संना कमरेपर्यंत भिजवलं.

भोंगा झाला. तानूबाई केव्हाची दारात उभी होती, मसाल्यानं काळे झालेले हात अंगापासून लांब धरून. तिनं हाक मारली नाही. कावेरी आपणहून उठली, आईजवळ गेली आणि हात पुढे केले. तानूबाईनं ते उलटेपालटे करून पाहिले. ओल्या हाताला मसाला चिकटतो, काडीला धरत नाही, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"वाळूस्तोवर बस जा आत," तानूबाई म्हणाली, आणि एकटीच पडवीकडे गेली.

वन्संनी माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी तांब्या उचलला आणि परातीत आणखी पाणी ओतलं.